मेरेलचा वली

आल्त्येआजीने अब्दुलहकीमलाही कॉफीला बोलावलंय हे रूलोफला कळलं, तेव्हा तो माणूस दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता.

"आई," रूलोफ तिच्या कानाशी लागून म्हणाला, "त्याला सांगितलंयस ना, आज तुझा वाढदिवस आहे म्हणून?"

"साडेदहाला कॉफीला ये म्हटलं."

"आणि वाढदिवसाचं?"

"त्याने विचारलं नाही," आजी म्हणाली आणि खुर्चीत सरळ होऊन बसली.

रूलोफने कपाळाला हात लावला. अब्दुलहकीमच्या मते वाढदिवस साजरा करणं धर्मात बसत नाही, हे या घरात आता मांजरालाही ठाऊक झालं होतं. त्याच्यापायी, त्याच्याकडे इस्लाम शिकलेली रूलोफची मुलगी मेरेल गेली तीन वर्षं कुणाच्याच वाढदिवसाला आलेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी यायची आणि उरलेला केक खायची. 'कालचा केक आहे, आज कुणाचाच वाढदिवस नाही,' असं म्हणून दोन दोन तुकडे उडवायची. रूलोफला ही वाट पसंत होती. धर्माचंही राहत होतं आणि केकचंही. यंदा मात्र आजीने फोन करून सांगितलं, की पंच्याऐंशीवा आहे, उद्यापर्यंत थांबायची मी खात्री देत नाही. म्हणून पोरगी आज आली होती, आणि या क्षणी खिडकीशेजारी, निळा रुमाल डोक्याला बांधून, तोंडभर मलई घेऊन बसली होती. दारातला माणूस दिसताच तिने बशी हळूच गुडघ्यावरून खाली घेतली.

या घराण्यात वाढदिवस साजरा होत नाही, पार पाडला जातो. खुर्च्या गोलात मांडायच्या. कॉफीच्या पहिल्या कपाबरोबर केकचा एक तुकडा, दुसऱ्या कपाबरोबर नुसतं बिस्किट. आणि नवा माणूस आला की गोलातल्या प्रत्येकाने उठून त्याचं अभिनंदन करायचं, त्याने प्रत्येकाचं. आईच्या वाढदिवसाबद्दल मुलाचं, सासूच्या वाढदिवसाबद्दल सुनेचं, आणि घरात कुणी नुसता मीटर बघायला आलेला असला तर त्याचंही. यात काही वावगं आहे असं कांपेन गावात आजवर कुणाला वाटलेलं नाही.

तेव्हा अब्दुलहकीम मोज्यांवर आत आला, आणि सगळे एकदम उभे राहिले.

"अभिनंदन!" रूलोफची बायको इनेके म्हणाली.

"अभिनंदन, आईच्या वाढदिवसाबद्दल," थोरला भाऊ हार्मन म्हणाला आणि त्याने आपला रुंद पंजा पुढे केला.

"अभिनंदन, तुमचंही, घरातल्या सगळ्यांचंही," अब्दुलहकीम म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो ते. सहा फुटांवर उंची, तांबूस दाढी, निळे डोळे, पायघोळ करडा सदरा. पण तो मूळचा नदीपलीकडच्या गावातला गेरिट, गवळ्याचा मुलगा. सव्वीस वर्षं तोंडात अरबी घोळवली तरी जीभ लहानपणीच्या वळणावर गेलीच. हार्मनशी हात मिळवून झाला होता. इनेकेपुढे त्याने छातीवर हात ठेवून मान लववली. मेरेलपुढे आल्यावर मात्र तो थांबला.

"सलाम, मरियम," तो म्हणाला. "तू वाढदिवसाला आलीस."

"सलाम, उस्ताद," मेरेल म्हणाली. "तुम्हीही."

स्टुलावर बसलेल्या ओरहानने हसू दाबायला कॉफीचा घोट घेतला आणि तो चुकीच्या नळीत गेला. इनेकेने त्याच्या पाठीवर थोपटलं. ओरहान म्हणजे जावई, निदान येत्या शुक्रवारपर्यंत व्हायचा असलेला. बाजारातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक, तुर्की आईबापांच्या पोटी याच गावात जन्मलेला, धर्माच्या बाबतीत आपल्या आईच्या ऐकण्यातला आणि इतर बाबतींत मेरेलच्या. रूलोफला तो पहिल्या दिवसापासून आवडला होता, कारण त्याने रूलोफला काहीही पटवून द्यायचा प्रयत्न केला नव्हता.

"बस रे, गेरिट," आजी म्हणाली. "तू हेंद्रिकाचा ना? तुझी आई माझ्या शेजारी उभी राहून गायची चर्चमध्ये. सूर नव्हता तिला, पण आवाज होता."

"आता माझं नाव अब्दुलहकीम आहे, बाई."

"अब्दुल-हकीम," आजीने प्रत्येक अक्षर नीट उच्चारून पाहिलं. "बस. आणि माझ्या नातीचं नाव मेरेल आहे. तिने बदललेलं नाही. मी तुझं लक्षात ठेवते, तू तिचं ठेव."

तो बसला. नेमका हार्मनच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

रूलोफ स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभा राहिला. तिथून सगळा गोल दिसत होता. तो नदीवरच्या पुलाचा चालक. बोट आली की पूल उचलायचा आणि दोन्ही तीरांवर ताटकळलेल्या लोकांकडे वरून पाहत बसायचं, ही त्याची नोकरी. पण आज त्याचं काळीज खाली-वर होत होतं. कारण लग्न शुक्रवारी होतं आणि त्याची किल्ली या तांबड्या दाढीच्या माणसाच्या हातात होती.

भानगड अशी होती. निकाहात मुलीच्या बाजूने बोलायला एक पुरुष लागतो, वली म्हणतात त्याला. एरवी बाप असतो. पण बाप मुसलमान नसला तर त्याचं नाव गळतं. रूलोफ तर कुठलाच नव्हता. विसाव्या वर्षीच त्याने आईच्या चर्चला रामराम ठोकला होता. मग मेरेलने ज्याच्यासमोर कलमा म्हटला, ज्याने तिला वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, आणि नमाज शिकवली, तो अब्दुलहकीम म्हणाला, तिचा वली मी. आणि मी तिला टॉवरवरून उतरल्याखेरीज कुणाला देणार नाही.

टॉवर म्हणजे गावातला मोठं घंटाघर. मेरेल तिथली वादक. पायऱ्या चढून वर जायचं, लाकडी दांड्यांसमोर बसायचं आणि त्या मुठींनी बडवायच्या. तारा ओढल्या जातात आणि वरच्या घंटा गाऊ लागतात. बाजाराच्या दिवशी सगळं गाव त्या सुरांखाली मासे आणि चीज विकत घेतं. नगरपालिकेची नोकरी, स्पर्धा जिंकून मिळवलेली. गेल्या ईदला तिने एक तुर्की अंगाईगीत वाजवलं, तर कबाबच्या दुकानातली माणसं सुऱ्या हातात घेऊन रस्त्यावर आली आणि माना वर करून उभी राहिली. ऐकणाऱ्यांत ओरहानही होता. तो दुसऱ्या दिवशी वर चढून गेला होता, सायकलची घंटा भेट म्हणून घेऊन.

अब्दुलहकीमला डावलून लग्न लावता येत नव्हतं अशातला भाग नाही. तुर्की मशिदीचे म्हातारे होजा, म्हणजे इमाम, एका पायावर तयार होते. पण त्यांना गावात कटकट नको होती. 'त्याचा होकार घेऊन ये, बेटी,' ते म्हणाले होते, 'म्हणजे कुणाचं तोंड वाकडं नको.' आणि मेरेललाही त्याचं तोंड वाकडं नको होतं. कारण ते तोंड वाकडं झालं की त्याच्या अभ्यासवर्गातल्या सगळ्या बायका पाठ फिरवणार होत्या. ज्यांना ती बहिणी म्हणायची, त्या बायका. नोकरी सोडली तर टॉवर जाणार, आणि टॉवर ठेवला तर माणसं. तीन आठवडे पोरगी नीट जेवली नव्हती, आणि आज केक खात होती तेवढ्यात हा आला.

"मी स्पष्टच बोलतो," अब्दुलहकीम म्हणाला. त्याने केकची बशी हाताच्या पंजाने अलगद दूर सारली होती. "बाईंनी बोलावलं, मी आलो. मी कुणाचा अपमान करायला आलेलो नाही. पण मरियमच्या... मेरेलच्या आत्म्याची जबाबदारी माझ्यावर आहे. संगीताबद्दल आमच्याकडे काय म्हटलंय ते मी आज सगळ्यांसमोर सांगतो. याचे तीन भाग आहेत."

तीन भाग म्हटल्याबरोबर आल्त्येआजीचा हात आपोआप पर्सकडे गेला.

रूलोफने ते पाहिलं आणि त्याला पुढचं सगळं कळलं, पण थांबवणार कसं? प्रवचनाचे तीन भाग असतात, आणि पहिला सुरू झाला की पेपरमिंटच्या गोळ्या फिरवायच्या, ही तिची पाऊणशे वर्षांची सवय. तिने पुडीचा कागद सोलला, एक गोळी स्वतः घेतली आणि पुडी डावीकडे सरकवली. इनेकेने घेतली. मेरेलने घेतली. ओरहानला काही कळलं नाही, पण त्याने दोन घेतल्या. हार्मनने घेतली. रूलोफ चाळीस वर्षांत चर्चची पायरी चढला नव्हता, तरी पुडी समोर आल्यावर त्याच्याही बोटांनी गोळी उचलली. आणि मग पुडी वक्त्यासमोर गेली, आणि वक्त्याने बोलता बोलता, हातवारे न थांबवता, एक गोळी काढून गालात टाकली.

"पहिली गोष्ट," तो म्हणाला आणि थबकला. त्याचा गाल फुगलेला होता. डोळ्यांत भीती उभी राहिली.

"साखर आणि पुदिना," आजी म्हणाली. "डुकराचं काही नाही. मी कारखान्यात फोन करून विचारलं होतं, मेरेल पहिल्यांदा रुमाल बांधून आली तेव्हा. बाई फार गोड बोलली. चालू दे तुझं."

मेरेलने आजीकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

चालू दे म्हटलं तरी पेपरमिंट चघळत धाक दाखवणं अवघड असतं. तरी अब्दुलहकीमने पहिला भाग पुरा केला. तो वाईट बोलत नव्हता. आवाजात कळकळ होती, आणि रूलोफला कबूल करावं लागलं की हा माणूस ढोंगी नाही. तार, फुंक आणि पितळ यांतून मन कसं विचलित होतं, आणि त्यात हा तर चर्चचा टॉवर.

"नगरपालिकेचा," मेरेल म्हणाली.

"वर कोंबडा आहे ना, चर्चचा असतो तसा?"

"वारा दाखवायला."

"तिथं स्तोत्रंच वाजायला हवीत," हार्मन मध्येच म्हणाला. "मी हे नगरपालिकेला दोनदा सांगितलंय. परवा ती पोरगी कसलंसं नाचाचं गाणं वाजवत होती. भर बाजारात."

अब्दुलहकीम वळला. "तुम्हालाही पटत नाही?"

"मुळीच नाही. मी मंडळात आहे आमच्या चर्चच्या. आमच्याकडे घरात टीव्हीसुद्धा नव्हता."

"आमच्याकडेही नाही."

"आणि रविवारी सायकल नाही."

"मर्यादा हवीच," अब्दुलहकीम म्हणाला. "आजकाल मर्यादा म्हटलं की लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबतात."

"अगदी हेच," हार्मनने खुर्ची जवळ ओढली. "आणि बायकांनी डोकं झाकावं हे तर आमच्या बायबलमध्येही आहे. आई अजून टोपी घालते चर्चला."

"मनापासून आवडलं मला ते."

रूलोफ बघतच राहिला. मेरेल मुसलमान झाली त्या दिवसापासून हार्मनने तिच्या नावाने गळे काढले होते. तीन वर्षं तो तिच्यासाठी रोज प्रार्थना करत होता आणि ते तिला दर खेपेस सांगतही होता. आणि आता तोच या दाढीवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता, जणू दोघं एकाच पाळण्यात वाढले. इनेके रूलोफजवळ आली.

"तुझ्या भावाला जन्माचा जोडीदार मिळाला," ती पुटपुटली.

"दोघांना एकच मंडळ काढून द्यावं. मंडळवाल्यांसारखे वर्षातून एकदा जोडीने घरोघर उपदेश करत फिरतील."

"मी दार उघडणार नाही."

तिकडे दोघांचं एकमत होऊन गेलं होतं. मेरेलने नोकरी सोडावी, असं हार्मननेही सुचवलं, अर्थात त्याच्या कारणाने. लग्न मशिदीत होतंय याचं त्याला वाईट वाटत होतं, पण व्हायचंच असेल तर मुलीने कुणाच्या तरी आज्ञेत राहून करावं.

"आज्ञेत राहण्यात एक शांती असते, मेरेल," तो म्हणाला. "हे तुझे गुरुजी तुझ्या भल्याचं सांगतायत."

"काका, तीन वर्षं तुम्ही म्हणत होता यांचं ऐकू नकोस."

"धर्माबद्दल नको ऐकू. वळणाबद्दल ऐक."

आता ओरहान स्टुलावरून बोलला. तो क्वचित बोलायचा, म्हणून सगळे वळले. "माझ्या आजीने स्वतःचं लग्न स्वतःच लावून घेतलं होतं. आमच्या होजांच्या मजहबात, म्हणजे पंथात, चालतं ते. सज्ञान बाई आपलं आपण हो म्हणू शकते. तिने वडिलांना विचारलंच नाही, कारण ते नाही म्हणाले असते."

"ती तुमच्याकडची रीत झाली, संस्कृती," अब्दुलहकीम म्हणाला.

"नाही हो. पुस्तकात आहे. रीतीने तर तिला मार बसायला हवा होता."

इनेके मोठ्याने हसली. अब्दुलहकीमचे कान तांबडे झाले. गोऱ्या माणसाची हीच पंचाईत, लपवता काही येत नाही. तो गोळी दातांखाली फोडून पुढे म्हणाला, "त्या मताचा मी आदर करतो. पण मेरेलला मी शिकवलंय, आणि मी मानतो ते हे, की वलीशिवाय लग्न लागत नाही. ती माझा शब्द न घेता उभी राहिली तर मला वर्गात सांगावं लागेल, की हे लग्न नव्हे. मला आनंद नाही होणार, मेरेल. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा किती रडत होतीस ते मी पाहिलंय. तुला सांभाळूनच मी हे सांगतोय."

मेरेलने खाली ठेवलेली बशी परत हातात घेतली. लहानपणी ती गुडघा फोडून घरी यायची तेव्हा तो तिला उचलून ओट्यावर बसवायचा. आता कुठे बसवणार? त्याला खूप काही म्हणायचं होतं, बाप मी आहे, तुझा काय संबंध, ऊठ इथून. पण तेच म्हटलं असतं तर तोही तिसरा वली झाला असता.

"अब्दुलहकीम," आजी म्हणाली, "तुला बटाटे किती लागतात जेवायला?"

"बटाटे?"

"मोठा माणूस आहेस. चार?"

"चार... पाच."

"माझ्या या रूलोफचं लग्न झालं ना, इनेकेशी, तेव्हा चर्चचे दोघं आले होते माझ्याकडे. काळे कोट घालून. म्हणाले, नगरपालिकेत लागलेलं लग्न देवापुढचं नव्हे, तुम्ही गेलात तर त्याला लग्न म्हटल्यासारखं होईल. वाईट माणसं नव्हती. एक तर माझा चुलतभाऊच होता. माझ्या आत्म्याची काळजी करत होते. मी ऐकलं. त्या सकाळी मी घरात बसून बटाटे सोलले. सोलतच राहिले. बादली भरली तेव्हा मला कळलं की जेवायला मी एकटीच आहे."

रूलोफ ओट्यापासून हलला नाही. चाळीस वर्षांत ही गोष्ट या घरात कुणी काढली नव्हती. आई लग्नाला आली नाही, कारण तिला यायचं नव्हतं, हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं होतं, आणि त्यावर बाकीचं आयुष्य रचलं होतं. दर वाढदिवसाला तो येत होता, फुलं आणत होता, गोलात बसण्याऐवजी ओट्याला टेकून उभा राहत होता. बादलीभर बटाट्यांचं त्याला आज कळत होतं. इनेकेने त्याचा हात धरला, आणि तो धरून ठेवला.

"आई," हार्मन घसा साफ करत म्हणाला, "ते मंडळाने ठरवलं होतं."

"हो, मंडळाने ठरवलं. मंडळ लग्नाला गेलं नाही आणि मीही गेले नाही. पण मंडळाला त्यानंतर काही झोंबलं नाही. मला रोज झोंबतं."

"मी तिचं वाईट चिंतत नाही, बाई," अब्दुलहकीम हळू आवाजात म्हणाला.

"त्यांनीही चिंतलं नव्हतं, बाळा."

बाळा म्हटल्यावर त्या एवढ्या मोठ्या माणसाने खाली पाहिलं. गवळ्याच्या घरी त्याला शेवटचं कुणी असं म्हटलं त्याला किती वर्षं झाली असतील, रूलोफच्या मनात आलं. त्याच्या आईकडे गोलात त्याच्यासाठी खुर्ची मांडत असतील का? रूलोफला या माणसाचा राग राग करायचा होता, आणि नेमका आत्ताच तो करता येईना.

मेरेल उठली. बशी तिने काकाच्या हातात दिली, ओठांवरची मलई पुसली, आणि रुमालाचं टोक नीट केलं. ती बुटकी होती. बसलेल्या अब्दुलहकीमच्या आणि तिच्या डोळ्यांची उंची जवळजवळ एक झाली.

"उस्ताद, मी एक विचारू?"

"विचार."

"शेवटच्या दिवशी माझा हिशेब होईल तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे असाल?"

"नाही. तिथं प्रत्येक जण एकटा असतो. हे मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं."

"सांगितलंत. मला ते इतकं आवडलं होतं. घरी आले आणि बाबाला म्हटलं, बाबा, मधे कुणीच नाही रे, थेट आहे सगळं. आठवतं, बाबा?"

"आठवतं," रूलोफ म्हणाला. "मी म्हटलं, बरं."

"मग थेटच राहू दे," मेरेल म्हणाली. तिचा आवाज फाटत होता, तरी ती थांबली नाही. "टॉवर मी सोडणार नाही. ते पाप असेल तर मी वर गेल्यावर देवाला सांगेन, की हो, वाजवत होते, मुठी दुखेपर्यंत वाजवत होते, आणि वाजवताना तुझीच आठवण व्हायची. त्यावर जे होईल ते माझं होईल. माझी वली मीच. होजांच्या पुस्तकात चालतं, आणि ते कां-कूं करायला लागले तर मी त्यांना त्यांचंच पुस्तक वाचून दाखवीन. तुमच्याकडे होकार मागायला मी येणार नाही आता."

"मेरेल."

"ऐका ना. साक्षीदार लागतात दोन. एक ओरहानचे काका आहेत. दुसरे तुम्ही या. मला तुम्ही यायला हवे आहात. परवानगी द्यायला नको. नुसतं ऐकायला, मी हो म्हणते ते."

हार्मनने गुडघ्यांवर दोन बशा सांभाळल्या होत्या आणि कुठलीच खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

"आणि मी नाही आलो तर?" अब्दुलहकीमने विचारलं.

"तर दुसरं कुणी बघेन. रडेन, आणि बघेन."

"बहिणींना मी काय सांगू?"

"जे तुम्हाला खरं वाटतं ते सांगा. त्या मोठ्या आहेत. त्यांचं त्या ठरवतील." मग तिला राहवलं नाही. "तीस बायकांचं एकट्याने ठरवून तुम्ही दमत नाही का हो?"

ओरहानने डोळे मिटले. पण अब्दुलहकीम चिडला नाही. त्याच्या तांबड्या दाढीत कुठे तरी काही हललं. हसू होतं की दुसरं काही, ते दाढीमुळे कळलं नाही.

"दमतो," तो म्हणाला.

तो उठला. दाराशी गेला, वाकून बूट चढवू लागला. नाड्या बांधायला त्याला बराच वेळ लागला.

"शुक्रवारी कधी?" त्याने खाली मान घालूनच विचारलं.

"जुम्म्याच्या नमाजानंतर. बाजाराचं वाजवणं झालं की मी खाली उतरून थेट येते."

"बघतो," तो म्हणाला.

आणि मग बाहेर पडता पडता, पुन्हा जिभेने दगा दिला म्हणा किंवा या खेपेस त्याने मुद्दामच केलं म्हणा, तो आजीकडे वळून म्हणाला, "शतायुषी व्हा, बाई." दार लागलं.

"'बघतो' म्हणजे येईल का नाही?" ओरहानने विचारलं.

"नदीपलीकडच्या गवळ्यांचं कधी कळत नाही," आजी म्हणाली. "कॉफी दे गं इनेके. दुसरा कप. आणि त्या पोराला केक दे अजून, बिस्किट नको."

मेरेल ओट्याशी आली. तिने बापाच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि मग रडली, रुमालासकट, नाक ओढत, लहान होती तशी. रूलोफ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. लग्नात आपलं नाव कुठेच नाही, वली नाही, साक्षीदारही नाही, हे त्याला इतके दिवस सलत होतं. तरी त्याने विचारलंच.

"आणि मी काय करायचं गं त्यात?"

"काही नाही रे, बाबा," ती त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून म्हणाली. "तू नुसता ये."

त्याने मान हलवली, आणि ती हलतच राहिली. इनेकेने दोघांच्या मधून हात घालून कॉफीचं भांडं उचललं आणि ती म्हणाली, दोघं मिळून ओटा अडवून उभे आहात.

"हार्मन," आजीने हाक मारली. "शुक्रवारी मला गाडीतून ने. तुला नसेल जमत तर हा ओरहान नेईल सायकलवर मागे बसवून."

"कुठे, आई?"

"मशिदीत."

हार्मनने दोन्ही बशा एकदाच्या जमिनीवर ठेवल्या. "आई, तू आमच्या चर्चची सगळ्यात जुनी सभासद आहेस. गावात संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळेल. मंडळ विचारायला येईल माझ्याकडे. मी काय सांगू, तू तिथं कशाला गेली होतीस?"

आल्त्येआजीने रूलोफकडे पाहिलं.

"खरं ते सांग," ती म्हणाली. "म्हणावं, आई लग्नाला गेली होती."